मुशी पाठमोरी होती

२ फेब्रुवारी

बोटीवर चढून अजून धड पाय स्थिरावले नाहीत तोवर डोकं फिरलंय.

मी मत्स्यखात्याची निरीक्षक. टुनासाठी खुल्या समुद्रात जाणाऱ्या बोटीवर बसायचं, काय पकडलं नि काय सोडलं ते पाहायचं. हात लावायचा नाही, हुकूम सोडायचा नाही, नुसतं पाहायचं. बंदरातल्या शेडमध्ये मेलेल्या शार्कची पोटं फाडण्यात उमेदीची वर्षं गेली. एकदा तरी जिवंत शार्क तिच्या घरी पाहायची, म्हणून ही नेमणूक मी भांडून मिळवली. आई म्हणाली, "भांडून मिळवलेलं तुला कधी लाभलंय?" निघताना असं बोलतं का कुणी?

मला दिलेली खोली म्हणजे दार लावलेलं कपाट. उशीला सांधेदुखीच्या मलमाचा वास. भिंतीवर खडूनं काढलेलं चित्र चिकटवलंय: एक बोट, बोटीपेक्षा मोठा माणूस, खाली वाकडंतिकडं 'बाबा'. आधी राहणाऱ्यानं खोली साफ करायचीही तसदी घेतलेली नाही.

कप्तान तर अवलियाच दिसतो. दुपारी वर गेले तर सुकाणूमागच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन घोरत होता. बोट चालवायला ठेवलाय की झोपायला?

४ फेब्रुवारी

आज पहिली दोरी ओढली.

मैलोन्‌मैल लांब दोरी रात्रभर पाण्यात असते. तिला थोड्याथोड्या अंतरावर आखूड दोऱ्या लोंबतात आणि प्रत्येकीच्या टोकाला गळ. सकाळी विंच, म्हणजे दोरी ओढणारा यांत्रिक रहाट, सुरू होतो, दोरी वर येत राहते, आणि माणसं कठड्याशी उभी राहून एकेक गळ पाहतात. टुना आला की सगळ्यांचे चेहरे उजळतात. शार्क आली की खांदे उडवतात. खलाशी तिला मुशी म्हणतात, आणि ज्या सुरात म्हणतात त्या सुरात मी बापजन्मी कुणाला हाक मारली नसती.

पण शार्क फेकून देत नाहीत हं. निळ्या शार्क डेकवर घेतल्या, डोक्यात दांडके घातले, आणि खाली बर्फात ढकलल्या. कायद्यात बसतं म्हणे. त्या जातीला बंदी नाही ना!

मी एक आखूड दोरी हातात घेऊन पाहिली. नायलॉन, मग लिंबाएवढं शिशाचं वजन, आणि त्याच्याखाली गळापर्यंत पोलादी तार. टुनाला तार लागत नाही. टुना काही दोरी कुरतडत नाही. नायलॉन कुरतडून सुटून जाते ती शार्क. मग तार कुणासाठी, हे शेंबड्या पोरालाही कळेल. निघालो टुनाला म्हणायचं आणि सापळा लावायचा मुशीचा!

वर जाऊन कप्तानाला विचारलं, "ही तार कुणाची अक्कल?"

"कंपनीची."

"आणि तुम्ही गप्प?"

"मी बोट चालवतो, मॅडम." एवढं बोलून चहाचा घोट घेतला. दगडाला पाझर फुटेल, ह्या माणसाला नाही.

७ फेब्रुवारी

भिंतीवरचं ते चित्र डोळ्यांत खुपत होतं. काल काढून, गुंडाळून कपाटाच्या वर टाकलं. आज पाहते तर गायब! माझ्या माघारी खोलीत कुणीतरी शिरलं होतं. आचाऱ्याला विचारलं, तर तो भांडं घासता घासता म्हणाला, "ज्याचं होतं त्यानं नेलं असेल, ताई." वरून हसला. सगळे एकाच माळेचे मणी.

त्यातल्या त्यात माणूस वाटावा असा एकच, लंबू. ताडमाड उंच, दारातून येताना दरवेळी डोकं आपटतो नि दरवेळी दाराला शिवी देतो. कठड्याशी उभं राहून गळ सोडवायचं काम त्याच्याकडे. तो निदान प्रश्न तरी विचारतो. आज म्हणाला, "बाई, एवढा मोठा समुद्र. ह्या मुशींना जोडीदार सापडतो कसा?"

मी म्हणाले, "वासानं. आणि सापडला की नर तिला चावून धरतो. म्हणून माद्यांची कातडी नरांच्या दुप्पट जाड असते."

लंबू म्हणाला, "आमच्या घरीबी कातडी तिचीच जाड. मी चावत नाही, नुसता बोलतो."

मी हसले. बोटीवर आल्यापासून पहिल्यांदा.

१० फेब्रुवारी

लिहायला बसले खरी, पण रागानं पेन कागदात रुततंय.

आज एक मोठी निळी मादी वर घेतली. दांडका बसला तशी ती आखडली आणि तिच्यातून पिल्लं बाहेर पडायला लागली. एक, मग दोन, मग ओघळतच राहिली. हातभर लांबीची, तयार झालेली, डोळे टक्क उघडे. डेकवरच्या पाण्यात वळवळत होती. निळ्या शार्कला कधीकधी पन्नासच्या वर पिल्लं होतात, हे मी पुस्तकात वाचलंय, पोटं फाडून मोजलंय. पण पायाशी अशी जिवंत नाचताना कधी पाहिली नव्हती.

माणसं बाजूला झाली. कुणीतरी ओशाळं हसलं. लंबूनं मात्र खराटा टाकला, वाकला आणि ओंजळीओंजळीनं पिल्लं पाण्यात सोडायला लागला. विंच थांबला. कुणी थांबवला ते मला दिसलं नाही. सगळी पाण्यात जाईस्तोवर विंच बंद होता, आणि शेवटचं पिल्लू गेल्यावरच पुन्हा सुरू झाला.

काही पोहली. काही तशीच बुडाली.

आणि नोंद काय करायची? एक निळी शार्क, मादी. एक! नियमाप्रमाणे एकच धरतात. जन्मलेच नाहीत ते कुणाच्या खिजगणतीत नाहीत. ज्यानं हा नियम केला त्याला ह्या डेकवर अनवाणी उभं करायला हवं.

संध्याकाळी वर जाऊन कप्तानाला तोंडावर सांगितलं, "तुम्हाला लेकरंबाळं असती तर कळलं असतं."

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. बोलणार काय, कपाळ?

१३ फेब्रुवारी

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. उद्या माझंच मन त्यात फेरफार करेल.

सकाळी दोरीवर लांबपंखी मुशी आली. वल्ह्यांसारखे लांब पंख, टोकं चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी. पूर्वी भर समुद्रात बोट थांबली की ही जात हजर असायची. जुन्या खलाशांना तिचा वीट यायचा म्हणे. आता तिच्यावर पूर्ण बंदी आहे, कारण उरलीयत कुठे? पोटात पिल्लं वर्षभर, मग वर्षभर विसावा, आणि पिल्लं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नियम सांगतो, दिसली तर पाण्यातच ठेवून सोडा. लांब दांड्याच्या कात्रीनं, गळाजवळ तार कापून.

मी मरेस्तोवर विसरणार नाही, इतकी देखणी होती. आणि पोटुशी. वरून बघताना दोन्ही बाजूंनी भरलेली दिसत होती.

मी ओरडले, "कात्री आणा!" आचारी स्वयंपाकघरातून धावत आला आणि म्हणाला, "कात्री कुठली, ताई? ह्या बोटीवर कात्री नाही." लंबूनं मागच्या खिशातली पक्कड काढली. पक्कड वीतभर! तार कापायची तर तिला कठड्यापाशी ओढायला हवी. दोघा खलाशांनी दोरी ओढली, लंबू कमरेतून वाकला. ती उलटी फिरली आणि बोटीपासून दूर खाली बुडी मारायला लागली. दोरी सतारीच्या तारेसारखी ताणली.

कप्तान वरून ओरडला, "थांब! सैल पडू दे!"

मला वाटलं, हा तिला दमवून मारणार. मी ओरडले, "काप! लंबू, आत्ता काप!"

त्यानं माझं ऐकलं.

तार तुटली, आणि ताणलेली दोरी शिशाच्या वजनासकट बंदुकीच्या गोळीसारखी परत आली. उजव्या डोळ्यावर. तो ओरडलाही नाही. खाली बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा धरून म्हणाला, "गेली का?"

पुढचं लिहवत नाही.

१४ फेब्रुवारी

पाण्यातल्या दोऱ्या तशाच सोडून कप्तानानं बोट वळवली. कंपनी वायरलेसवर शिव्या घालत होती, मला इथवर ऐकू येत होतं. त्यानं तो बंदच केला. लंबूला कुठे निजवायचं, असा प्रश्न आला. मी माझी खोली दिली. कप्तान त्याच्या उशाशी बसून आहे. आत जायची मला हिंमत होत नाही.

लंबू, कप्तान, आचारी, तिघांपैकी कुणीतरी माझ्यावर ओरडावं. आचारी चहा आणून देतो आणि पेला ठेवून निघून जातो.

१८ फेब्रुवारी

घरी. लंबूचा डोळा काढावा लागला.

आज सकाळी आईनं पेपर पुढे ठेवला. पहिल्याच पानावर: 'शार्कचा खलाशावर हल्ला'. खाली जबडा वासलेल्या शार्कचं चित्र, तेही वेगळ्याच जातीच्या शार्कचं! हल्ला? तोंडात गळ, जबड्याला तार, तारेला विंच, विंचमागे अख्खी बोट, आणि हल्ला तिनं केला! असं असेल तर फाशीच्या दोरीवर लटकणारा माणूसही दोरीवर हल्ला करत असणार.

मी पेपर फाडला. आई म्हणाली, "मी अजून शब्दकोडं सोडवलं नव्हतं."

२० फेब्रुवारी

कंपनीच्या मॅनेजरनं बोलावलं होतं. गुळगुळीत टेबल, गुळगुळीत हसू, भिंतीवर काचेआड सोनेरी टुना. त्याला चौकशी व्हायच्या आधी माझं 'मन जाणून घ्यायचं' होतं.

म्हणाला, "मॅडम, तुम्ही शास्त्रज्ञ. आम्ही तुमचा आदर करतो. पण जिवंत शार्क सोडायला लावणं म्हणजे गरिबांच्या जिवाशी खेळ आहे. आम्ही सरकारकडे सवलत मागतोय. आधी मारायची, मगच गळ काढायचा. मजुरांच्या सुरक्षेसाठी."

कसं गोड! तार ह्यांची, शिसं ह्यांचं, कात्री ह्यांनी दिलेली नाही, आणि ह्यांना मजुरांचा पुळका आला. डोळा गेला लंबूचा, आणि त्याच्या भांडवलावर हे उरल्यासुरल्या लांबपंखी मारायचा परवाना मिळवणार.

मी म्हणाले, "शार्कनं त्याला स्पर्शही केला नाही. शिशानं मारलं."

"ते कोण सांगणार?"

"मी सांगणार."

तो हसला. "आणि कापायला कुणी सांगितलं, तेही सांगणार का?"

बोटीवरची गोष्ट ह्याच्यापर्यंत पोचली कशी? दुसरं कोण, कप्तानच! धन्याच्या पायाशी लोळणारं कुत्रं.

२३ फेब्रुवारी

इस्पितळात गेले. जायला इतके दिवस लागले, ते का हे मला विचारू नये.

खिडकीजवळची खाट. पाय खाटेबाहेर. पट्टीची बाजू माझ्याकडे, म्हणून लंबूनं पावलांच्या आवाजावरून ओळखलं. अर्धा चेहरा पांढऱ्या पट्टीत.

मी म्हणाले, "लंबू, माझ्यामुळे..."

"ते राहू द्या, बाई. एक काम होतं." आवाज खाली आणला. "चौकशीत मुशीनं मारलं म्हणून सांगा ना. मॅनेजर म्हणालाय, मुशीनं मारलं तर ती दैवाची गोष्ट, मग धक्क्यावर वखारीत कायमचं काम देतो. नाहीतर म्हणतो, डोळे वाचवायचा चष्मा का घातला नाहीस, चूक तुझीच. एका डोळ्याच्या माणसाला बोटीवर कोण घेणार?"

मी खाटेवरची चादर सारखी करत राहिले.

"मुशीला काय फरक पडतो, बाई? तिला पेपर वाचता येतो का?"

मला इतका राग आला की मी उठून बाहेर आले. जिन्यात उभी राहिले, पुन्हा आत गेले आणि त्याला सांगितलं. फरक पडतो. तू 'हल्ला' म्हणालास की उद्यापासून प्रत्येक बोटीवर प्रत्येक मुशी पाण्यातून बाहेर काढून मारतील, आणि तुझ्या नावानं मारतील. ओंजळीनं पिल्लं सोडली होतीस ना?

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुमचं पोट भरलेलं आहे, बाई," एवढंच म्हणाला.

परत येताना वाटेत पाच-सहा उत्तरं सुचली. सगळी बिनतोड, आणि एकही बरोबर नाही.

२५ फेब्रुवारी

लंबूची बायको घरी आली होती. दारातच म्हणाली, "माझ्या नवऱ्याला कापायला सांगणारी बाई तीच का तुम्ही?"

"हो."

"मग आता खोटं बोलायलाही सांगा. एक डोळा तुमच्या माशापायी घालवला, आता भाकरीही घालवताय?"

आईनं तिला आत घेतलं, बसवलं, वाढलं. ती जेवता जेवता रडत होती, आणि आई तिच्या ताटात पुन्हा वाढत होती. मला दोघींनी विचारलंसुद्धा नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात खांबासारखी उभी.

ती गेल्यावर आई म्हणाली, "तू बरोबर आहेस."

"मग?"

"मग काय? बरोबर असलेल्या माणसानं जरा हळू बोलावं."

माझ्या सख्ख्या आईनं!

१ मार्च

चौकशी झाली. क्रमानं लिहिते.

बंदर कार्यालयाचं दालन. लांब टेबल, करकरणारा पंखा, चौकशी अधिकारी चष्म्यावरून बघणाऱ्या बाई. एका बाजूला मॅनेजर नि त्याचा वकील. दुसरीकडे लंबू, काळा चष्मा लावलेला. शेजारी त्याची बायको. मागे आचारी आणि कप्तान.

पहिली मी. तार सांगितली, शिसं सांगितलं, पक्कड सांगितली. वकील उठला. "निरीक्षकाला हुकूम द्यायचा अधिकार असतो का?"

"नाही."

"मग कापायला कुणी सांगितलं?"

पंखा करकरत होता. लंबूच्या बायकोकडे मी पाहिलं नाही. म्हणाले, "मी. कप्तान थांबायला सांगत होते. मी काप म्हणाले."

मॅनेजरनं खुर्चीला पाठ टेकली. निरीक्षकाची नोकरी गेली, हे बसण्याआधीच कळलं.

मग कप्तान. तसाच मख्ख. अधिकारीबाईंनी विचारलं, "बोटीवर लांब दांड्याची कात्री होती?"

"नव्हती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. कात्री नाही, हे माहीत असून मी बोट बाहेर काढली. बोटीवर काय आहे नि काय नाही, ह्याची जबाबदारी कप्तानाची. खलाशाची नाही, ह्या मॅडमची नाही. मुशीची तर नाहीच."

वकिलानं मॅनेजरच्या कानात काहीतरी सांगितलं. मॅनेजरचा चेहरा पडला. मी मनात म्हटलं, बघा! अखेर चोराच्या तोंडून निघालं! माहीत असून बोट काढली! इतके दिवस मी काय म्हणत होते?

शेवटी लंबू. मला वाटलं होतं, हा 'मुशीनं मारलं' म्हणणार, आणि मला त्याच्या बायकोदेखत त्याला खोटं पाडावं लागणार. काल झोप लागली नव्हती ती ह्यानंच.

"तुम्हाला कशानं लागलं?"

तो उठला, सवयीनं मान वाकवून, जणू वर चौकट होती. एकदा मागे वळून कप्तानाकडे पाहिलं. मग म्हणाला, "शिशानं."

वकील ताडकन उठला. "शार्क हल्ला करण्याच्या पवित्र्यात नव्हती, हे तुम्ही छातीठोक सांगू शकता?"

"पाठमोरी होती, साहेब. मला तिचं शेपूट दिसत होतं. जीव घेऊन पळत होती बिचारी." त्यानं काळा चष्मा सरळ केला. "पळणारा कसा मारेल?"

त्याची बायको रडली नाही. तिनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

माझ्या इस्पितळातल्या बोलण्याचा परिणाम झाला म्हणायचा.

३ मार्च

नाही. माझ्या बोलण्याचा काही परिणाम झालेला नाही. गाढव आहे मी.

बोटीवर राहिलेलं सामान आणायला धक्क्यावर गेले होते. आचारी बोटीवर एकटाच होता. मी सहज म्हणाले, "कप्तानानं निदान शेवटी गुन्हा कबूल केला." त्यानं हातातलं पातेलं खाली आदळलं. एरवी तोंडातून ब्र न काढणारा माणूस!

"गुन्हा? तीन फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी कात्री मागतोय तो. तार बदला म्हणून मॅनेजरच्या दारात उभा राहिलाय. मॅनेजर म्हणाला, जमत नसेल तर घरी बस, सुकाणू धरायला दुसरे रांगेत आहेत. आणि तुमची जीभ, ताई! तुम्ही त्याच्या खोलीत झोपलात, त्याच्या पोरीचं चित्र काढून फेकलंत, वर म्हणालात लेकरं असती तर! गुडघे दुखतात त्याचे. बाकावर झोपून फेरी काढली त्यानं."

मी दोरखंडावर बसले.

"आणि मॅनेजरला ते... कापायला सांगितल्याचं..."

"मी सांगितलं," आचारी म्हणाला. "रागात. लंबूचा डोळा बांधून आलो होतो त्या दिवशी. मॅनेजरनं विचारलं, मी बोललो." मग आवाज खाली आला. "कप्तान इस्पितळात जाऊन बसला होता. लंबूला म्हणाला, जबाबदारी मी घेतो. कामावर सामान नव्हतं असं बोटीच्या कप्तानानंच सांगितलं की तुझी भरपाई कंपनीला चुकवता येत नाही, कायदाच तसा आहे. मग तू कुणाचंही नाव खोटं घेऊ नकोस. मुशीचंसुद्धा."

पिल्लं सोडताना विंच कुणी थांबवला होता, तेही मग कळलं. विचारावंही लागलं नाही.

१६ मार्च

परवा निकाल आला. लंबूला भरपाई मिळणार. वखारीतलं काम नाही. सवलतीचा अर्ज कंपनीनं 'तूर्त' मागे घेतला. माझी नेमणूक रद्द, म्हणजे मी पुन्हा शेडमध्ये, मेलेल्यांत. कप्तानाचा परवाना निलंबित. आणि मॅनेजर? मॅनेजरला समज दिली. समज! ज्याला सगळं आधीपासून समजत होतं, त्याला!

तारेचं काय झालं ते शेवटच्या ओळीत आहे: 'तार बदलण्याबाबत विचार चालू आहे.' चालू द्या. विचार चालू असताना दोऱ्याही चालू आहेत.

दुपारी कप्तानाच्या घरी गेले. पत्ता आचाऱ्यानं दिला; तो ह्या फेरीला गेलाच नाही. बरोबर येतो म्हणाला, मी नको म्हटलं. गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड, त्यात तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो आता. कोपरापर्यंत काळा. पोरगी पायरीवर बसून नटबोल्ट डब्यात वेगवेगळे करत होती. मला पाहून म्हणाली, "बाबा, चित्रवाल्या बाई आल्या." म्हणजे घरी माझी ओळख ही!

मी तयारी करून गेले होते. माफी मागायची, शांतपणे, हळू आवाजात. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच: "तुम्ही बोलला का नाहीत? एवढ्या वेळा मी काय काय बोलले! एकदा तरी सांगायचं होतं, कात्री मागितली होती म्हणून!"

"तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम."

"विचारायला जागा ठेवली होतीत का? मख्ख!"

पोरगी खुदकन हसली. मग मी माफी मागितली. वाईट मागितली, पण मागितली. त्यानं मान हलवली, एक डबा उपडा करून मला बसायला दिला आणि पाना हातात घेऊन पुन्हा इंजिनात वाकला. वर न बघताच म्हणाला, "ती सुटली का हो नक्की?"

"कोण?"

"मुशी."

एवढी चौकशी झाली, पेपरात आलं, वकील उठले-बसले, आणि त्या क्षणी लंबूनं विचारलं ते सोडलं, तर हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"माहीत नाही," मी म्हणाले. खरं तेच सांगितलं. "गळ जबड्यात राहिला असणार. पण पाण्याबाहेर काढली नव्हती, अंगात ताकद होती. अशा सोडलेल्या बहुतेक जगतात. पिल्लंही होतील, सगळं नीट झालं तर."

तो ऐकत होता. "मग बरं," म्हणाला.

"काय बरं? त्याचा डोळा गेला, तुमचा परवाना गेला, तार जिथल्या तिथे! काल तीच बोट नवा कप्तान घेऊन गेली, तीच तार, तेच शिसं! ह्यात बरं काय आहे?"

"आता काय करणार मग?"

"भांडणार."

"कुणाशी?"

उत्तर जिभेवर आलंच होतं, पण ह्या वेळी मी ते जरा थांबवलं. नीट विचार केला.

"मॅनेजरशी," मी म्हणाले. "तारेवरून. आजच. तो पाचपर्यंत असतो कचेरीत."

कप्तानानं पाना खाली ठेवला. गुडघ्यांवर हात टेकून, दात आवळत उठला.

"थांबा, मी येतो," म्हणाला, आणि हात पुसायला फडकं शोधू लागला.